बोरीवरचे घुंगरू

लोकं म्हणतेत, तानुबाईनं आपल्या हातानं भाच्याले जेलात घातलं. म्हणू द्या. उचलली जीभ अन् लावली टाळ्याले, त्याले काय लागते? माह्या जागी येऊन उभं राहा म्हणा त्यायले, मंग पाहू कोणाच्या तोंडून काय निघते ते.

अमरावतीच्या राजापेठेच्या पुढं, बडनेऱ्याच्या सडकेले लागून माहं वावर आहे. वावर कसलं, वांगे, मेथी अन् शेवंतीचे चार वाफे. आमी माळी. मालक गेला तवा मी जवान होती. पोटी मूल नाई, तर सासरच्यायनं वळून पाह्यलं नाई. मंग माहा भाऊ अन् भावजय एकाच साथीत गेले अन् त्यायचा देवीदास माह्या पदरात आला. एवढासा होता, शेंबडा, आईच्या नावानं रडे. त्याले मीच वाढवलं, मीच त्याचं लगन करून देलं, दमणीही मीच घेऊन देली. दमणी म्हणजे हलकी बैलगाडी, दोन माणसं अन् चार टोपल्या मावतेत अशी.

लगन झाल्यावर तो वच्छलेले घेऊन राजापेठेत राहाले गेला. बायकोले वावरात करमत नाई म्हणे. मी काई बोलली नाई. नव्या पोरीले काय बोलाचं? पण रोज सांजच्या वक्ताले तो दमणी घेऊन येई, माह्या टोपल्या भरून बजारात नेई. "जेवली का वो आत्या?" एवढं इचारे. दिवसभरात तेवढंच एक इचारणारं माणूस होतं मले. दुपार कलली की मी सडकेकडं कान लावून बसे.

नाई, खोटं काहून बोलू, कौशल्याही येई. सडकेच्या वरच्या अंगाले, वडापाशी तिची झोपडी. तेही माह्यासारखीच रांडमुंड, वरून दोनी डोळे गेलेले. पण बोटं अशी की शेवंतीचा हार तिच्यासारखा कोणी ओवून दाखवावा! अंबादेवीच्या देवळापुढच्या दुकानायले आमचे हार जात. सांज झाली की काठी टेकत येई, माह्या ओट्यावर बसे अन् सुई हातात घेऊन सुरू होई. माहा चहा पाणचट, माही मेथी जून, माहं नशीब फुटकं. "फुकटचा चहा पेतं अन् वरून नावं ठेवतं?" मी म्हणे. "पेली नाई तर तुह्या चहाले कोण पेईन?" ते म्हणे. लय भांडलो आमी. एखाद्या दिवशी ते आली नाई तर मले घास गोड लागत नसे.

ते सडकेनं एकटी कशी येई, तर घुंगरायच्या भरवशावर. आपल्याकडं जोडीतल्या एका बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ नाई असा गाडीवाला पाह्यला का कोणी? लांबून आवाज आला की कौशल्या डाव्या अंगाले सरके, काठी छातीशी धरून उभी राहे, गाडी गेली की पुन्हा चालू लागे. आवाजावरून माणूस सांगे. "रामराव चालला, त्याच्या माळेतला एक घुंगरू फुटका आहे." "तुहा देवीदास आला पाय, टोपल्या काढ." मले डोळस बाईले मंग ऐकू येई. साऱ्या गाडीवाल्यायले माईत होतं की या सडकेवर आंधळी चालते. तिले कोणी हटकतही नसे. घुंगरू होते ना.

आता बैलायचं सांगा लागते. देवीदासनं आपले दोनी गोऱ्हे पोटच्या पोरासारखे वाढवले. आपण कोरडी भाकर खाईन, पण त्यायले सरकी घालीन. हिवाळ्यात पट भरते, बैलायची शर्यत. वावरात भरते, दोहीकडून लोकं उभे राहतेत, आरडतेत, कोणाचं काई बिघडत नाई. तिथं देवीदासची जोडी खुशालरावच्या जोडीमागं राह्यली. थोडक्यात राह्यली. खुशालराव म्हणजे बडनेऱ्याकडचा मोठा खातेदार, मोठा पटका, मोठा आवाज. तवापासून दोघायच्या अंगात किडा शिरला. भेटले की "काय मंग?" अन् "काय मंग?" सडकेवर बैल पळवाची सरकारची मनाई होती. मनाई कोणाले माईत नव्हती? चांगली दवंडी पिटली होती.

अन् एक गोष्ट ध्यानात ठेवा. पटाच्या बैलाले घुंगरू बांधून कोणी पळवत नाई. घुंगरू असले की बैल तालात चालते. माळ उतरवली की त्याले समजते, आता पळाचं. अन् उतरवलेली माळ गाडीत ठेवत नाई, भुईवर तर मुळीच ठेवत नाई. भुईवर ठेवली की जोडी हरते म्हणतेत. ते टांगाच लागते, झाडाले नाई तं खुंटीले. येताना उतरवून घ्याची अन् पुन्हा बांधाची. आमच्या माणसायचे नियम असे. सरकारची मनाई मोडतीन, पण हे मोडणार नाई.

संक्रांत होऊन गेली होती. मी वांग्यायच्या वाफ्यात वाकलेली. दिवस कलला होता, पण चांगला उजेड होता. कौशल्या अजून आली नव्हती. देवीदास आला नव्हता. मी म्हणून राह्यली, आज दोघंही मेले कुठं. तोंडातून गेलं माह्या, काय करू? सडकेकडून काईच आवाज आला नाई. धुळीच्या सडकेवर चाकं लांबून ऐकू येत नाई; खडखडाट झाला तो एकदम जवळ, अन् लगेच एक किंकाळी.

धावत निघाली. वावराच्या तोंडाशी माही बोरी आहे, बोराचं झाड, सडकेच्या कडेले. तिच्या काट्यायले दोन घुंगरमाळा टांगलेल्या होत्या. एक देवीदासची, लाल गोंड्यायची, मीच ओवलेली. दुसरी पितळी, भारी, मोठ्या माणसाची. मी घरात होती तवाच टांगून गेले असतीन. पाह्यल्या अन् तशीच पुढं पळाली.

कौशल्या सडकेच्या मधोमध पडली होती. मधोमध! जिनं जन्मात कधी सडकेचा मधला भाग तुडवला नाई. घुंगरू नाई म्हणजे सडक मोकळी, असंच समजली असंन ते अन् ओलांडून माह्याकडं निघाली असंन. देवीदास तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, बैल लांब वावरात शिरले होते. पुढच्या दमणीच्या धुळीत ते देवीदासच्या चाकाखाली आली होती. खुशालराव पुढं निघून गेला होता, तो मंग परत आला. मी तिच्या कानाशी वाकून हाक मारली. "कौशल्ये, वो कौशल्ये." मेली होती ते. तिच्या मुठीत काठी तशीच होती.

परत आली तवा अंधारून आलं होतं. बोरीवरच्या दोनी माळा उतरवल्या अन् घरात खुंटीले लावल्या. काहून आणल्या, कोणाले देणार, काई ठरवलं नव्हतं. सडकेवर टांगलेली वस्तू कोणीही नेईन, एवढंच वाटलं. रात्री उंदीर फिरला की माळ वाजे. मले वाटे, कोणी आलं.

फौजदार आला, पंचनामा झाला. दोघायनं एकच बोली लावली. मोटार आली, भोंगा वाजला, बैल बिचकले, आवरले नाई. शर्यत? छे हो साहेब, कसली शर्यत, मी पुढं अन् हा मागं, आपापल्या घरी चाललो होतो. ही बोली मोरोपंत वकिलाची होती, ते साऱ्या राजापेठेले माईत होतं. खुशालरावनं त्यायले दोघायसाठीही उभं केलं होतं. फौजदाराले पटलं नाई, त्यानं दोघायवरही खटला भरला. हयगयीनं गाडी हाकून माणूस मारलं, असा. पण शर्यत कोणी पाह्यली होती? सडकेवर दुसरं कोणी नव्हतं. अन् मले साक्षीचं बोलावणं आलं, काहून की माहं घर जवळ.

मंग एका सांजेले देवीदास आला. वच्छलाही आली. लगनानंतर ते पोट्टी माह्या ओट्यावर बसली अशी तेच पहिली खेप. देवीदासची नजर आत गेली, खुंटीकडं. त्याले दिसल्या माळा.

"आत्या, ते मले दे," तो म्हणला. "नाई तं विहिरीत टाक. तू काई पाह्यलं नाई, काई ऐकलं नाई. बस्स. मोरोपंत म्हणतेत, बैल बिचकले म्हणजे गुन्हा होत नाई. मी सुटतो."

"बिचकले होते का बैल?" मी इचारलं.

तो पायाच्या अंगठ्यानं ओटा उकरत बसला. लहानपणी गूळ चोरला की असंच करे.

वच्छला म्हणली, "आत्याबाई, गेली ते गेली. आता तिच्यापाई यायले पाठवता का जेलात? आमच्याबिगर तुमाले आहे कोण?"

खरं बोलली पोरगी. खरं म्हणून लागलं. मले कोण होतं? एक मेली होती अन् एक समोर बसला होता. त्या वक्ताले मले त्याचा राग नव्हता, देवाशपथ. मले भेव वाटून राह्यलं होतं. हा उठून गेला तर उद्यापासून "जेवली का" कोण इचारीन? मी उठली सुद्धा. खुंटीवरून त्याची माळ काढली. त्याच्या हातात द्याले निघाली होती मी.

तेवढ्यात तो म्हणला, "माहीच चूक आहे का सारी? आंधळी असली तरी कान होते ना तिले? सरकाले काय झालं होतं?"

बापा रे! मी माळ मागं ओढली, ते वाजली. "काय ऐकून सरकणार होती ते?" मी म्हणलं. "काय ऐकून रे, मुडद्या? हे तं तू माह्या बोरीले टांगून गेला होता!"

तो पांढरा पडला. बैल पळवताना, बोरीले माळ टांगताना, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला तवाही, ही गोष्ट त्याच्या मनात आलीच नव्हती. मी पाह्यलं ना त्याचं तोंड. तिच्या मरणाचं खरं कारण त्याले माह्या ओट्यावर कळलं. पण कळल्यावरही तो म्हणला काय? म्हणला, "आत्या, विहिरीत टाक."

मी माळ पुन्हा खुंटीले लावली. ते दोघं उठून गेले. चहा तसाच राह्यला.

कोर्टात जाताना माळा टोपलीत ठेवल्या, वरून मेथी झाकली. अमरावतीच्या कोर्टात मी पहिल्यानंच गेली. पिंजऱ्यात देवीदास उभा, बाजूले खुशालराव, पटका बांधून, लगनाले आल्यासारखा. मले इचारलं, काय पाह्यलं. मी म्हणलं, पाह्यलं काई नाई, ऐकलंही काई नाई, तेच सांगाले आली आहे. अन् टोपली उपडी केली. मेथी सांडली, घुंगरू वाजले, सारं कोर्ट माह्याकडं पाहू लागलं.

माळा कोणाच्या, कुठं सापडल्या, बैलाच्या गळ्यातून कवा उतरवतेत, सारं सांगतलं. "भोंग्यानं बिचकणारे बैल आपल्या गळ्यातली माळ काढून बोरीले टांगून जातेत का साहेब?" म्हणलं. मागं कोणी तरी हसलं. देवीदास खाली पाहून राह्यला होता.

मंग मोरोपंत उठले. तवा मले कळलं की त्यायनं दोघायचं वकीलपत्र एकाच माणसासाठी घेतलं होतं. ते म्हणाले, "बाई, क्षणभर धरून चालू की शर्यत होती. खुशालरावांची दमणी पुढे होती. त्यांच्या दमणीचं चाक त्या मयत बाईला लागलं का?"

"नाई लागलं."

"बैल लागले?"

"नाई."

"मग माझ्या अशिलानं तिला शिवलंसुद्धा नाही. तिच्या मरणाशी त्यांचा संबंध काय?"

अशिलानं म्हणे! एकच अशील उरला होता त्यायले. दुसरा माहा होता, तो दिला सोडून.

मी म्हणलं, "साहेब, देवीदास एकटा कोणासंगं शर्यत लावणार होता? बोरीवर माळा दोन होत्या. एक माळ टांगून शर्यत होत नाई."

मॅजिस्ट्रेट साहेबानं ते लिहून घेतलं. मोरोपंत चष्मा पुसत खाली बसले. मले वाटलं, न्याय झाला. मी बावळी.

खालच्या कोर्टानं दोघायलेही शिक्षा देली. देवीदासले वर्षाची सक्तमजुरी, खुशालरावले त्याच्या अर्धी. खुशालराव अपिलात गेला. वरच्या कोर्टानं म्हणलं, ज्याच्या चाकाखाली बाई आलीच नाई, त्याच्या माथी तिचं मरण मारता येत नाई. सडकेवर बैल पळवले म्हणून दंड भरा अन् जा. तो गेला. पुढच्या हिवाळ्यात त्याची जोडी पटात पहिली आली, बातमी माह्या वावरापर्यंत आली. देवीदासजवळ अपील कराले वकील नव्हता. आपलेच दात अन् आपलेच ओठ, तक्रार कोणाजवळ करावी?

त्याले अकोल्याच्या जेलात ठेवलं. वच्छला माहेरी निघून गेली, अंजनगावले. जाताना दमणी अन् बैल शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधून गेली, माह्याकडं नाई. माह्या टोपल्या मी डोक्यावर वाहू लागली. बजारात माळणी माह्यापासून हात भर लांब बसत. कौशल्येसाठी मी भाचा जेलात घातला, असं कोणी म्हणलं नाई. सारे म्हणले, भाचा घातला. आंधळीचं नाव पंधरवड्यात विसरले लोकं.

एकदा मी अकोल्याले गेली. बडनेऱ्याहून आगगाडीत बसली, पुरणाच्या पोळ्या फडक्यात बांधून. जेलाच्या फाटकाशी लय वेळ उभी राह्यली. आतून शिपाई आला अन् म्हणला, "म्हातारे, तुहा माणूस भेटाले येत नाई म्हणते." मी म्हणलं, पोळ्या तरी द्या. त्यानं नेल्या. परत आणून देल्या नाई, म्हणजे खाल्ल्या असतीन. कोणी खाल्ल्या, देवाले माईत. येताना गाडीत बसली अन् रडू आलं. समोरच्या बाईनं इचारलं, कोणाले पोचवाले आली होती का? मी म्हणलं, हाव.

त्या वर्षात मले एकटेपण काय असते ते समजलं. पहिले मी स्वतःले एकटी समजे, ते एकटेपण नव्हतं, थट्टा होती. सांजच्या वक्ताले मी दोन कप चहा ठेवी, अन् मंग दुसरा बोरीच्या बुडाशी ओतून देई. पाणचट.

कोर्टानं माळा परत देल्या. पितळी माळ खुशालरावचा गडी घेऊन गेला. लाल गोंड्याची घ्याले कोणी नव्हतं, म्हणून मले देली. मी ते त्याच खुंटीले लावली.

देवीदास सुटला ते मले लोकायकडून समजलं. वच्छलेले घेऊन आला, दमणी काढली, बजारात माल वाहू लागला. दुसऱ्यायचा. रोज माह्या वावरावरून जाई. कसा, तर बैलाच्या गळ्यात काई नाई. मुका. मले कळू नये म्हणून. धुळीत चाकाचा नवा ठसा दिसे, तवा मले समजे की गेला. त्याच सडकेवरून, त्याच वक्ताले, तसेच बिनघुंगराचे बैल!

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. मले नको भेटू. आत्या नको म्हणू. माहं मढं उचलाले नको येऊ. पण हे? यासाठी मी माहं एकुलतं माणूस गमावलं का?

दुसऱ्या दिवशी दिवस कलला तशी मी खुंटीवरून माळ काढली, पदराखाली धरली अन् सडकेवर गेली. जिथं कौशल्या पडली होती, तिथंच, मधोमध उभी राह्यली. बडनेऱ्याकडं पाठ केली. दमणी येऊन राह्यली होती, चाकं धुळीत घासत होते, ऐकू आले ते जवळ आल्यावरच. मी वळली नाई. त्यानं हाळी देली नाई. मी डोळे मिटून घेतले. बैलाचा गरम श्वास माह्या मानेले लागला तवा चाकं थांबले.

मंग तो म्हणला, "सरक, आत्या."

"काहून?" मी म्हणलं. "मले तं काई ऐकू आलं नाई."

तो खाली उतरला. माह्यापुढं येऊन उभा राह्यला. वाळला होता, केसं पांढरे झाले होते, एवढ्या वयात. मी पदराखालची माळ काढून समोर धरली. त्यानं ते घेतली नाई, घेतली नाई, मंग घेतली. बैलाच्या गळ्यात बांधताना त्याची बोटं गाठीवर घसरून राह्यली होती. मले वाटलं, मदत करावी. हात पुढं केला नाई. बांधून झाल्यावर तो बैलाच्या मानेवर डोकं टेकवून उभा राह्यला अन् हमसून हमसून रडला. मी त्याले पोटाशी घेतलं नाई, अन् तोही माह्याकडं आला नाई. मंग तो दमणीत बसला. मी डाव्या अंगाले सरकली. घुंगरू राजापेठेकडं वाजत गेले, ऐकू यायचे बंद झाले, तरी मी तिथंच उभी होती.

तवापासून तो रोज जाते. थांबत नाई, जेवली का इचारत नाई. पण घुंगरू बांधून जाते. मी ओट्यावर हार ओवत बसलेली असली अन् लांबून आवाज आला की तोंडातून निघतेच, "देवीदास आला पाय, कौशल्ये." अन् ओट्यावर बसल्या बसल्या माह्याकडून उगाच डाव्या अंगाले सरकल्या जाते.